बत्तीस वळसे

वकीलबाई म्हणाल्या,
मुलाचं अठरा पूर्ण झाले तेव्हाच संपलं होतं, शिरोडकर.
तीन वर्षं तुम्ही उगाच भरताय.
मुलीचं लग्नापर्यंत, पण ती कमावते ना आता?
पुरावा आणा, अर्ज टाकू.

'उगाच' हा शब्द मी वांद्र्याच्या कोर्टापासून
कलानगरच्या सिग्नलपर्यंत चघळत आलो.

मी पालिकेच्या पाणीखात्यात चावीवाला.
पहाटे पावणेचारला भांडुपच्या टेंभीपाड्यात
रस्त्यातलं झाकण सरकवून
छातीएवढी लोखंडी चावी आत उतरवतो
आणि फिरवतो. बत्तीस वळसे.
मग वर डोंगरावर हंडे वाजायला लागतात.
सव्वासहाला उलटे बत्तीस.
तेवीस वर्षं झाली. एकही घर मला ओळखत नाही,
पाणी अर्धा तास उशिरा आलं
की मात्र सगळ्यांना माझं नाव ठाऊक असतं.

सात तारखेचंही तसंच.
नऊ हजार. एकदाच दहा तारीख उजाडली,
तर सुलक्षणाचा फोन.
तिच्या मागे सर्वेश सतराचा पाढा म्हणत होता.
पाठवतो, पाठवतो म्हणत राहिलो,
पाढा संपेपर्यंत फोन ठेवला नाही.

समिधा तेव्हा सहावीत.
रविवारच्या भेटीत तिनं विचारलं होतं,
पोटगी म्हणजे पोटाची फी का?
हो म्हणालो.
थोडा वेळ पेरू खात बसली, मग म्हणाली,
मला एवढी भूक नाही लागत.

ती मुलुंडला चष्म्याच्या दुकानात लागलीय
हे मेहुण्यानं कळवलं. मेहुणा अजून माझ्याशी बोलतो.
मी गेलो. पुराव्यासाठीच गेलो,
खोटं कशाला सांगू.
पांढरा कोट, खिशावर नावाची पट्टी:
समिधा शिरोडकर. आडनाव माझंच.
बसा, म्हणाली. तुम्ही म्हणाली.
नाकावर ती जड लोखंडी फ्रेम चढवली,
हनुवटी दोन बोटांनी सरळ केली
आणि काचा बदलत विचारू लागली,
आधीचं बरं की आत्ताचं?
परत बघा. आधीचं? की हे?

मला सांगताच येईना.
समोरच्या पाटीवर 'र' होता, 'प' होता,
खालच्या ओळीत मुंग्या.
घाई नाही, ती म्हणाली,
गिऱ्हाइकांना म्हणतात तसंच,
पण बोटं हनुवटीवरून काढली नव्हती.

बिल घरी येऊन नवीन चष्म्यातून वाचलं.
फ्रेम बाराशे. काचा नऊशे.
विक्री: समिधा.
आणि त्याखाली, वजा दोनशे दहा,
कर्मचारी कुटुंबीय सवलत.

यापेक्षा पक्का पुरावा कोर्टाला काय लागतो?
मुलगी नोकरीला आहे, शिक्क्यासकट आहे.
ते दोनशे दहा मात्र वकीलबाईंना
कसे समजावून सांगू?

सध्या खात्यात नवीन पोरगा दिलाय हाताखाली.
जोरात आहे, चावी गरागरा फिरवतो.
त्याला सांगतो, बाबा रे, बंद करताना दम धर.
एकदम तोडलंस तर पाणी मागे फिरतं,
आतून धडका देतं,
आणि जुना पाइप फुटतो तो इथं नाही,
कुठंतरी लांब, कुणाच्या तरी मोरीत,
जिथं आपण दोघं नसतो.
तो म्हणतो, मग किती हळू?
ते काही कुठं लिहिलेलं नाही.

परवा सात तारीख.
आज बंद करताना एकोणिसाव्या वळशाला
माझी मोजणी चुकली.
पोरगा चहा आणायला गेला होता.
चावी तशीच धरून वाकलो.
खाली पाणी अजून जात होतं,
बारीक, पण जात होतं.